एक पेला आंबील

मार्गशीर्ष सरत आला की उदगीरच्या आमच्या गल्लीत ताकाचा वास सुटतो. आठ दिवस आधीपासून घरोघरी ताक साठवतात, चांगलं आंबू देतात. मग अमावस्येच्या आदल्या दिवशी त्यात ज्वारीचं पीठ शिजवतात, लसूण-आलं-जिऱ्याचं वाटण घालतात आणि मडक्याला ओलं फडकं गुंडाळून कोपऱ्यात ठेवतात. ही आंबील. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या तोंडच्या येळवसीला, अख्खं गाव रानात जातं. कचेरीत कारकून सापडत नाही, बाजारात दुकानदार सापडत नाही. रानात कडब्याची खोप उभी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, हिरव्या हरभऱ्याची आणि तुरीच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे असं पोटभर जेवायचं आणि वर आंबील. एक पेला, दोन पेले, पाच पेले. मग जिथं सावली असेल तिथं आडवं व्हायचं.

ह्या दिवसांत लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मला तो ताकाचा वास नकोसा होतो. सहा वर्षांपूर्वी येळवसीला मी माझ्या चुलतभावाच्या, मन्मथच्या, हातात आंबीलचा पेला दिला. तो नको म्हणत होता. मन्मथनं त्यानंतरची महाशिवरात्र पाहिली नाही. आंबीलनं कुणी मरत नाही हे मलाही कळतं. जळकोटच्या शाळेत मी भूगोल शिकवतो, कुठली नदी कुठं उगम पावते ते पोरांकडून घोकून घेतो. मोठी नदीसुद्धा उगमापाशी ओंजळभरच असते. मन्मथच्या मरणाचा उगम त्या पेल्यात आहे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आम्ही दोघं बरोबरच बिघडलो. मी चार वर्षांनी मोठा, म्हणून बिघडवण्याचा मान माझा. मन्मथचं मोंढ्याजवळ धान्याचं दुकान होतं. मी शाळेतून बसनं उदगीरला उतरलो की पाय आपोआप तिकडं वळायचे. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग मरेपर्यंत उतरवायचं नाही अशी आमच्यातली रीत. पण आम्ही प्यायला बसण्याआधी ते काढून दुकानातल्या खुंटीला अडकवायचो, देवाला वास लागू नये म्हणून. केवढी ही देवाची काळजी! खुंटीला दोन लिंगं लोंबताना दिसली की येणारा-जाणारा समजायचा, मास्तर आणि शेठ बसले. मन्मथची बायको सुनंदा कधी कधी दुकानाच्या दारापर्यंत यायची, आधी खुंटीकडं बघायची आणि तशीच परत जायची. तिनं कधी आवाज चढवला नाही. आम्हाला तेही सोयीचं होतं.

मग एका भादव्यात मन्मथचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघून सांगितलं, "ह्यापुढं एक घोट जरी गेला तरी माझ्याकडं आणू नका. उपयोग नाही." मन्मथ एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याची मुलगी गौरी तेव्हा दहा वर्षांची, चौथीतून पाचवीत गेलेली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "अण्णा, तू बी सोड. एकट्यानं माझ्यानं व्हायचं न्हाई." मी हो म्हणालो. आयुष्यात मी त्याला दिलेली ही एकच बरी गोष्ट.

दसऱ्यानंतर आम्ही दोघं नांदेडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो. बंद पडलेल्या दालमिलच्या मागची लांबट इमारत. कुठल्याही कोपऱ्यात बोट फिरवलं तर तुरीच्या सालाची पिवळट भुकटी लागायची. पहिले आठ दिवस सांगण्यासारखे नाहीत. अंथरूण भिजायचं, हातातला चहा छातीवर सांडायचा, भिंतीवरून मुंग्या चालल्यासारख्या वाटायच्या आणि मुंग्या नसायच्या. नवव्या दिवशी पहाटे आम्हाला सतरंजीवर बसवलं. वाऱ्यावर लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन येत होतं. दारात सायकल टेकवून एक उंच, काळासावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस आत आला. हे सोनकांबळे काका. रेल्वेतून रिटायर झालेले कीमन. वीस वर्षं प्यायलेले आणि त्यानंतर वीस वर्षं न प्यायलेले. जवळच्या विहारात रोज ध्यानाला बसणारे, आणि रोज पहाटे आमच्यासारख्यांना बसवायला येणारे.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "नाकाच्या दारात ध्यान ठेवा. श्वास आत यायलाय, येऊ द्या. भाईर जायलाय, जाऊ द्या. त्याला काम सांगू नका. तो तुमच्या बापजाद्यापासून आपलं काम करायलाय. तुमी फकस्त बगा."

मन्मथनं एक डोळा उघडला. "काका, आमी लिंगायत हाव. हे बुद्धाचं आमाला चालतंय का?"

"श्वास घेताव का न्हाई?"

"घेतो की."

"मग चालतंय." आणि वर म्हणाले, "तुमच्यात बी लिंग हातावर घेऊन टक लावून बसतेत म्हणं. बसलाव का कदी?"

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. त्या वेळी आमच्या गळ्यात लिंग होतं, पण त्याचं तोंड आम्ही किती वर्षांत नीट पाहिलं नव्हतं ते आम्हालाच माहीत.

कीमन म्हणजे काय हे काकांनीच सांगितलं. खांद्यावर हातोडा आणि पिशवी घेऊन रोज आपल्या वाट्याची लाइन पायी चालायची. रूळ जिथं जिथं जखडलेला असतो तिथली प्रत्येक चावी बघायची, हातोडा मारायचा. घट्ट असली तर खणकन बोलते, ढिली असली तर भद्द. "मन घरला गेलं की कान बी घरला जातेत," ते म्हणायचे. "मग ढिली चावी बी खणकन वाजल्यागत वाटतीया. मी पिऊन लाइन चाललोय. मला सगळ्या चाव्या घट्टच वाटायच्या." पुढं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मला वाटतं काहीच झालं नव्हतं. पण होऊ शकलं असतं, हे त्यांनी वीस वर्षं स्वतःला विसरू दिलं नव्हतं.

तलफ आली की काय करायचं, हा आमचा सगळ्यांचा प्रश्न. दुपारी चारच्या सुमाराला ती यायची. जिभेच्या मुळाशी पाणी, तळहाताला घाम, आणि डोक्यात एकच वाक्य हजार वेळा. काका म्हणाले, "गाडी आली की कीमन काय करतो? रुळावरनं खाली उतरतो, बाजूला हुबं राहतो आणि गाडी बगतो. अडवत न्हाई, तिच्या मागं पळत बी न्हाई. तलफ म्हंजे मालगाडी. लई लांब असती, वाटतंय हिला शेवटच न्हाई. डबे मोजत हुबं राहावा. शेवटचा डबा येतोच."

मला हे ऐकायला छान वाटलं. मन्मथनं ते धरलं. दोघांत एवढा फरक होता. चार वाजले की तो खिडकीपाशी भिंतीला टेकून बसायचा आणि त्याचे ओठ हलायचे. एक, दोन, तीन. कधी चाळीसवर संपायची, कधी दोनशेच्या पुढं. संपली की माझ्याकडं बघून म्हणायचा, "अण्णा, आज छप्पनच डबे." आणि हसायचा. इतका दमलेला माणूस इतका खूश मी दुसरा पाहिला नाही.

आणखी एक अभ्यास काकांनी त्याला एकट्याला दिला होता. मन्मथला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. व्यापाऱ्याचा पोरगा, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून लहानपणापासून सगळ्याला 'हाव, हाव' म्हणायलाच शिकलेला. पहिला पेलाही त्यानं मला नाही म्हणता येईना म्हणूनच घेतला होता. काका म्हणाले, "शेठ, रोज एक तरी नको म्हणायचं. बारकं-सारकं चालंल. दुसऱ्या चहाला म्हणा, तिसऱ्या पोळीला म्हणा. पण ज्याला नको म्हणायलाव त्याच्याकडं बगून म्हणा." केंद्रात वाढप्याला तो असं गंभीर चेहऱ्यानं "भात नको" म्हणायचा की आम्ही पोट धरून हसायचो. तोही हसायचा. पण भात घ्यायचा नाही.

दीड महिन्यानं परत आलो तेव्हा कपाशी वेचून झालेली, रानात हरभरा घोट्याएवढा आणि हवेत सकाळची थंडी. मन्मथचे वडील, आमचे आप्पा, घरातले सगळ्यात मोठे. आम्ही बुद्धाचं ध्यान शिकून आलो हे त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. "करून करून भागले आणि आता विहाराला लागले," असं ते ओट्यावर बसून चारचौघांना सांगायचे. विहार कुणाच्या वस्तीत असतो आणि सोनकांबळे आडनाव कुणाचं असतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं त्या वाक्यात काय काय आहे ते कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी आपला ताठ मानेनं फिरू लागलो. शाळेत प्रार्थनेनंतर पोरांपुढं व्यसनमुक्तीवर भाषण ठोकलं. एसटीत शेजारच्याला श्वासाचं महत्त्व पटवलं. दीड महिन्याची कमाई मी पंधरा दिवसांत लोकांना वाटून संपवली, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

मन्मथ मात्र शांत झाला होता. दुकानातली खुंटी त्यानं उपटून टाकली. चार वाजले की धान्याच्या पोत्यांआड जाऊन बसायचा. सुनंदा मला म्हणाली होती, "अण्णा, हे आता झोपेत बी काहीतरी मोजतेत." आणि हे सांगताना तिनं मला बऱ्याच वर्षांनी चहा दिला.

मग येळवस आली.

आमचं रान जळकोटच्या रस्त्याला आहे. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, ज्वारी डोक्याएवढी, करडईला काटे धरायला लागलेले. पांडवांची पूजा झाली. आप्पांनी रानाभोवती फिरून आंबील शिंपडली, मागून पोरं "ओलगे ओलगे" ओरडत पळाली. बायका शेजारच्या रानात ओळखीच्यांना आंबील द्यायला गेल्या, सुनंदाही त्यांच्यात होती. आम्ही पुरुष घोंगड्यावर पंगतीला बसलो. वीसेक माणसं असतील. आप्पांनी स्वतः पेले भरायला घेतले.

मन्मथ म्हणाला, "आप्पा, मला नको."

आप्पांना वाटलं, पोट भरलं असेल. "अरे, थोडी तर घे."

"नको, आप्पा. आंबलेलं हाय. मला न्हाई चालायचं."

घोंगड्यावरचे सगळे त्याच्याकडं वळले. येळवसीला आंबीलला नको म्हणणं म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. ती रानाला आधी पाजलेली असते, पांडवांना दाखवलेली असते. तिला नको म्हणणारा माणूस रानाला नको म्हणतो, बापाला नको म्हणतो. आप्पांचा चेहरा लाल झाला. "विहारात जाऊन हे शिकलास का रं? लक्ष्मीला दारू म्हणायलास?"

खरं सांगायचं तर आंबीलमध्ये काही नसतं. पण मन्मथला तेव्हा खरं-खोटं बघायचं नव्हतं, कुंपण घालायचं होतं. आंबट वास आला, जिभेला पाणी सुटलं, तिथंच त्यानं कुंपणाचा खांब रोवला होता. तो मान खाली घालून बसला आणि त्याचे ओठ हलू लागले. तो डबे मोजत होता. वीस माणसांत हे फक्त मला कळत होतं.

आणि मी काय केलं? सगळे माझ्याकडं बघत होते. मीही केंद्रातून आलेला, मग मी काय करतो ते त्यांना बघायचं होतं. मी पेला उचलला, एका दमात प्यायलो, मिशी पुसली. मग म्हणालो, "काय मोजायलास रं मन्या? मालगाडी आली का?" मालगाडीची गोष्ट मी त्यांना सांगितली, दोन-चार वाक्यांत, मजेदार करून. लोक खो खो हसले. आप्पाही हसले. बाप हसला म्हणून मन्मथही कसनुसा हसला. मी त्याच्या हातात पेला दिला. "पी की. काय बी नसतंय त्यात."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "नको, अण्णा."

मी त्याच्या हाताखाली हात धरून पेला ओठाला लावला. लग्नात जावयाला घास भरवतात तसा, थट्टेनं. तो प्यायला. सगळा प्यायला. आप्पांनी लगेच दुसरा भरला आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं घेतला.

पुढचं लवकर सांगतो. जेवणं झाल्यावर बायका परत आल्या, विड्याची पानं घरीच राहिल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. सुनंदानं मन्मथला सांगितलं, "जळकोटहून पानं घेऊन या की." तो मोटारसायकलवर बसला. जाताना त्याचा चेहरा मोकळा, हलका दिसत होता. मी ते पाहिलं. मीही येतो म्हणून मागं बसायला काय लागत होतं? मी उठलो नाही, पोट जड झालं होतं. ऊन कलल्यावर पोरांनी गवताचे पेटते हेंडगे घेऊन रानाभोवती धावायला सुरुवात केली, तेव्हा दोघं जण त्याला दारूच्या दुकानामागून उचलून घेऊन आले. शर्टाच्या खिशात पानं होती, ओली, नीट फडक्यात बांधलेली.

दीड महिना तो थांबलाच नाही. मी जवळ गेलो की तोंड फिरवायचा. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. एका सकाळी रक्ताची उलटी झाली आणि नांदेडला नेईपर्यंत संपलं.

आमच्यात मयताला जाळत नाहीत. खड्ड्याच्या आत कोनाडा करून मांडी घातलेल्या अवस्थेत बसवतात, हातावर लिंग ठेवतात, विभूती लावतात. केंद्रातल्या सतरंजीवर मन्मथ कधी ताठ बसला नव्हता. भिंत दिसली की टेकायचा, आणि काका रोज म्हणायचे, "पाठ सरळ, शेठ." त्या दिवशी चौघांनी धरून त्याला सरळ बसवलं, मागून मातीचा आधार दिला. सोनकांबळे काका सकाळच्या एसटीनं नांदेडहून आले होते, गर्दीच्या बाहेर, बाभळीखाली उभे होते. कुणीतरी मला विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "नांदेडचे ओळखीचे हायत." त्यांचं नावसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

मी प्यायलो नाही. लोक ह्याला माझा निश्चय म्हणतात. निश्चय वगैरे काही नव्हतं, भीती होती. पुन्हा प्यायलो तर हे सगळं विसरेन, आणि विसरलो तर माझ्यासारखा नीच मीच, असं वाटायचं. महिन्यातून एका रविवारी नांदेडला जायचो, विहारात काकांच्या मागं बसायचो. पुढं त्यांच्याकडून पाच शीलंही घेतली. घरी रोज पहाटे बसतो. लोक म्हणतात, ध्यानानं शांत वाटतं. वाटत असेल. मला डोळे मिटले की घोंगडं दिसतं, पेला दिसतो, त्याचा हलणारा ओठ दिसतो. पूर्वी हे दिसू नये म्हणून दारू होती. आता बसून बघावं लागतं. काका म्हणतात, बघा. मी बघतो. सहा वर्षांत त्यातलं काही पुसट झालेलं नाही, उलट रोज काहीतरी नवं दिसतं. मागच्या वर्षी मला आठवलं की माझा हात लागताच त्यानं डोळे मिटले होते.

आता ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मन्मथच्या मरणाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं होतं, आणि आप्पांनी ते सुनंदाच्या डोक्यावर फोडलं. "हिनंच पानाला पाठविलं. दारूचं दुकान तिथंच हाय हे हिला ठाऊक नव्हतं का?" तेराव्याला हे म्हणाले, वर्षश्राद्धाला म्हणाले, स्वतः जाईपर्यंत म्हणत राहिले. घोंगड्यावरचे वीस जण गप्प. ते तर साधी थट्टा म्हणून कधीच विसरून गेले होते. मी विसरलो नव्हतो आणि मीही गप्प. सुनंदाकडं मी सणावाराला जायचो, गौरीच्या वह्या-पुस्तकांची चौकशी करायचो, दुकानाच्या कामात मदत करायचो. ताकाला जाऊन भांडं लपवायचो. सहा वर्षं.

ह्या कार्तिकात विहारात बसणं संपल्यावर काकांना घरी सोडायला निघालो. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय, माझा दंड धरून चालतात. मी जरा फुशारकीतच म्हणालो, "काका, सहा वर्षं झाली. पाचवं शील मोडलं न्हाई."

"बरं हाय," ते म्हणाले. दहा-बारा पावलं चालले. मग म्हणाले, "आन चौथं?"

पाचवं शील म्हणजे दारू न पिणं, चौथं म्हणजे खोटं न बोलणं. मी म्हणालो, "मी खोटं कुठं बोललोय?"

"कुणाचा खोटा बोल आपल्याला सोयीचा पडायलाय म्हणून गप बसलो, तर ते कशात मोजताव, मास्तर?"

सगळं त्यांना मी कधीच सांगून टाकलं होतं, पहिल्याच वर्षी, रडत. इतकी वर्षं ते ह्या एका प्रश्नासाठी थांबले असतील असं मला वाटलं नव्हतं. मला राग आला. त्यांना दारात सोडलं आणि पाणीही न पिता स्टँडवर आलो. बसमध्ये जळकोटपर्यंत मी मनात त्यांना शिव्या देत होतो. जळकोटच्या पुढं आमचं रान लागतं. तिथं शिव्या संपल्या.

तरी दीड महिना गेला. काल, येळवसीच्या आदल्या दुपारी, मी सुनंदाकडं गेलो. अंगणात ती भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोरच्या पायरीवर बसलो. तिनं माझ्यापुढंही चार शेंगा ढकलल्या. मी त्यांना हात लावला नाही. सांगितलं. घोंगडं, आप्पा, मालगाडीची थट्टा, पेला, हाताखाली धरलेला हात. पानाला जायच्या आधी काय घडलं होतं ते सगळं, काहीही गाळलं नाही.

ती शेंगा सोलतच राहिली. मग म्हणाली, "नको म्हणले होते?"

"हाव."

"कितीदा?"

"तीनदा."

तिचे हात थांबले. "तीनदा?"

"दोनदा आप्पाला. एकदा मला."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. ताट अंगावर फेकलं असतं तरी चाललं असतं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. म्हणाली, "मला वाटायचं, नुसतं निमित्त बघत होते. मी पानं आणा म्हणलं आन ते निसटले. एक दिस बी आमच्यासाठी थांबवलं न्हाई, असं सहा वर्षं वाटायलंय मला. पोरीला बी मी तेच सांगितलंय." मग एकदम तिनं आत हाक मारली. "गौरे, भाईर ये."

गौरी आता अकरावीत आहे. अभ्यासाचं पुस्तक हातात तसंच धरून ती उंबऱ्यात आली.

सुनंदा मला म्हणाली, "अण्णा, उद्या आमच्या रानात येऊ नका. ह्याच्या पुढं बी येऊ नका. पण जायच्या आधी हिला सांगा. पैल्यापासून."

आमच्याकडं येळवसीला रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून रानात बोलावतात, जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मी मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एका सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडाकडं बघून. ती रडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं.

"मोठे पप्पा, पप्पा नको म्हणले ते कसं म्हणले? मोठ्यानं का हळू?"

'मोठ्यानं' असं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता.

"हळू," मी म्हणालो. "पण आमाला सगळ्यांना ऐकू आलं होतं."